बेस कुठे आहे?

कॉलेजच्या बँडमधले आम्ही चौघं आता वर्षातून एकदा कसेबसे भेटतो. भेटलो की तासाभरात गाडी त्याच भांडणावर येते: मेटॅलिका हा अमेरिकन हेवी मेटल बँड नक्की कधी बिघडला?

आमचा गायक म्हणतो, १९९६. त्या वर्षी त्यांचा 'लोड' हा अल्बम आला. चौघांनी केस कापले होते, फोटोंसाठी काजळबिजळ घातलं होतं, आणि त्याच्या लेखी तिथेच सगळं संपलं. ड्रमर म्हणतो, २००३. 'सेंट अँगर'मध्ये त्यांचा ड्रमर लार्स उलरिक यानं स्नेअर ड्रमखालच्या तारा सैल सोडल्या आणि पाऊण तास पत्र्याचा डबा बडवला. (पाऊण नाही, सव्वा तास. पण तो चिडला की मी दुरुस्त्या करत नाही.) गिटारवाला पण २००३च म्हणतो, वेगळ्या कारणानं. त्या अख्ख्या अल्बममध्ये एकही सोलो नाही. कर्क हॅमेटसारखा गिटारिस्ट बँडमध्ये असून एकही नाही! थोडक्यात, जो तो आपापल्या वाद्याचं सुतक धरून बसलाय.

मी बेस गिटार वाजवते, खालच्या जाड सुरांची. माझं साल १९८८.

हे मी म्हटलं की तिघं एकदम अंगावर येतात, कारण १९८८ म्हणजे '...अँड जस्टिस फॉर ऑल'. त्यांचा लाडका अल्बम. माझाही. म्हणून तर आजवर मला माझं म्हणणं कुणी पुरं करू दिलेलं नाही. आज इथे करते.

बेस मी हौसेनं नाही घेतला. बाकीच्या तिघांनी आपापल्या जागा आधीच धरल्या होत्या आणि "चारच तारा आहेत, सोपं असतं" असं सांगून तो माझ्या गळ्यात घातला गेला. घरी त्याला सगळे 'बास' म्हणायचे. आई विचारायची, "बास म्हणजे पुरे ना गं? मग वाजवतेस कशाला?" हा विनोद तिनं किमान सात वर्षं चालवला.

सोपं नसतं हे मला मेटॅलिकाचा तेव्हाचा बेसिस्ट क्लिफ बर्टननं शिकवलं. त्यांच्या पहिल्या अल्बमवर, १९८३च्या, तो चार मिनिटं जवळजवळ एकटाच वाजवतो. थ्रॅश मेटल बँडच्या पहिल्यावहिल्या रेकॉर्डवर बेस सोलो! इतक्या तरुण, घाईतल्या मुलांनी तेवढी जागा त्याला दिली, कारण तो त्यांना हवाच होता. हा माणूस बँडमध्ये यावा म्हणून गायक-गिटारिस्ट जेम्स हेटफिल्ड आणि उलरिक लॉस एंजेलिस सोडून सॅन फ्रान्सिस्कोच्या भागात राहायला गेले. त्याची अटच होती ती, तुम्ही इकडे या. एका बेसिस्टसाठी बँडनं आपलं गाव बदलल्याची दुसरी गोष्ट मला माहीत नाही.

तो प्लेक्ट्रम, म्हणजे तारा छेडायची छोटी पट्टी, न वापरता बोटांनी वाजवायचा, आणि वर आवाज किंचाळता, खरखरीत करणारं वाह पेडल आणि डिस्टॉर्शन लावायचा. 'फॉर हूम द बेल टोल्स'ची सुरुवातीची ती किंचाळणारी धून मी कित्येक महिने गिटारचीच समजत होते. बेस आहे कळल्यावर आमच्या गिटारवाल्याचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. 'मास्टर ऑफ पपेट्स'वरचं 'ओरायन' तर पूर्ण वाद्यसंगीत. मधोमध सगळं थांबतं आणि बेस एकटा चालायला लागतो, शांत, कुठेही पोचायची घाई नसल्यासारखा. मग एकेक जण त्याच्या मागून येतो. हे चौघं एकमेकांचं ऐकत वाजवतायत हे त्या तुकड्यात मला पहिल्यांदा कळलं, आणि बँड कशाला म्हणतात तेही.

२७ सप्टेंबर १९८६ला स्वीडनमध्ये पहाटेच्या सुमारास त्यांची बस उलटली. क्लिफ गेला. चोवीस वर्षांचा होता.

आणि सहा आठवड्यांत बँड नव्या बेसिस्टसह परत स्टेजवर होता.

आता माझ्या कॅसेटची गोष्ट. 'जस्टिस' माझ्या हातात आला तेव्हा माझं बेस शिकणं म्हणजे टेपरेकॉर्डरला कान लावून बसणं. ट्रेबल पूर्ण कमी करायचा, बेसचं बटण शेवटपर्यंत फिरवायचं आणि चार-चार सेकंदांचे तुकडे मागेपुढे करत सूर शोधायचे. क्लिफची निम्मी गाणी मी अशीच बसवली होती. 'जस्टिस' लावला आणि मला बेस सापडेचना. ड्रम होते, टकटक टकटक, खिळे ठोकल्यासारखे कोरडे. गिटार होत्या. खाली काहीच नव्हतं. वाटलं, कॅसेट खराब आहे. दुसऱ्याकडून कॉपी करून आणली. तीच गत. मग वाटलं, माझा टेप खराब आहे. मग वाटलं, माझा कान. त्या दोन आठवड्यांत मी स्वतःला इतकं बिनडोक समजले की विचारू नका. सरावाला ड्रमरनं विचारलं, "बसवलंस का?" आणि मी सरळ खोटं बोलले, हो म्हटलं. मग गिटारचा रिफच, म्हणजे परत परत येणारा सुरांचा तुकडा, एक सप्तक खाली वाजवला. कुणालाही पत्ता लागला नाही.

खरं काय ते कितीतरी वर्षांनी कळलं. कॅसेट चांगली होती, टेपही चांगला होता. बेस मुद्दाम दाबलेला होता. मिक्सिंग करणाऱ्यांपैकी एकानं पुढे मुलाखतींतून सांगितलं की बेस आम्ही नीट बसवला होता, पण तो खाली आणा, अजून खाली आणा, अशी सूचना ड्रमरकडून, उलरिककडून आली. थोडा दोष रचनेचाही होता. नवा बेसिस्ट जेसन न्यूस्टेड प्लेक्ट्रमनं वाजवायचा, आणि बऱ्याच ठिकाणी हेटफिल्डच्या ऱ्हिदम गिटारचाच रिफ सुरासकट गिरवत होता. त्या गिटारमधले मधले सूर काढून टाकून खालचे फुगवलेले. त्यामुळे बेसची सगळी जागा तिनं आधीच खाल्लेली. आणि न्यूस्टेडनं त्याचे भाग रेकॉर्ड केले ते एकट्यानं, एका असिस्टंट इंजिनिअरबरोबर. शेजारी बसून "अरे, इथे वेगळं काहीतरी वाजव" म्हणायला बँडपैकी कुणी नव्हतंच.

त्यांचं दुःख मला कळतं. विशीतली मुलं, जिवलग गेला, रडायलाही वेळ काढला नाही. राग निघाला तो नव्या माणसावर. त्याला त्यांनी किती छळलं हे त्यांनी स्वतःच पुढे कबूल केलंय. दुःखातून झालेली चूक म्हणून मी ती तेव्हाच माफ केली असती.

पण अल्बम चालला! जोरात चालला. तिथेच गडबड झाली असं मला वाटतं. चौघांपैकी एकाचा आवाज पुसून टाकला तरी लोक टाळ्या वाजवतात हे गाणी लिहिणाऱ्या दोघांना, हेटफिल्ड आणि उलरिकला, कळलं. 'मास्टर ऑफ पपेट्स'मध्ये आठ गाणी आहेत आणि सगळं मिळून पंचावन्न मिनिटंही नाहीत. 'जस्टिस' पासष्ट मिनिटांचा. गाणी ताणायला सुरुवात झाली ती तिथून. तेव्हा आम्ही त्याला 'प्रगल्भ' म्हणायचो. मीही म्हणायचे.

१९९१चा काळा अल्बम, म्हणजे काळ्या कव्हरचा 'मेटॅलिका', मी कुणाला शिव्या देऊ देत नाही. सगळे म्हणतात तिथे ते विकले गेले. अहो, बॉब रॉक नावाच्या प्रोड्यूसरनं तिथे बेस परत आणला! खोलीत एक बाहेरचा माणूस होता आणि तो 'नाही' म्हणत होता. गाणी आखूड झाली, श्वास घ्यायला लागली. 'माय फ्रेंड ऑफ मिझरी'ची सुरुवात न्यूस्टेडच्या बेसनं होते, आणि ते मी आजही हात गरम करायला वाजवते. एकट्या अमेरिकेत दीड कोटीच्या वर खपला म्हणून तो वाईट ठरत नाही.

पण आकडा बघा. न्यूस्टेड चौदा वर्षं बँडमध्ये होता आणि बँडच्या स्वतःच्या गाण्यांपैकी फक्त तीन गाण्यांवर लेखक म्हणून त्याचं नाव आहे. शेवटी त्यानं बाजूला स्वतःचा एक छोटा बँड काढला, तर तेही हेटफिल्डला चाललं नाही. जानेवारी २००१मध्ये तो निघून गेला. त्या बातमीनं मला धक्काबिक्का काही बसला नाही. घरातली एखादी सून इतकी वर्षं गप्प राहून एक दिवस बॅग उचलते, तेव्हा शेजाऱ्यांना जेवढं आश्चर्य वाटतं तेवढंच.

नंतरचं तुम्हाला माहीत आहेच. त्या काळातला त्यांचा माहितीपट मी दोनदा पाहिला. महिना चाळीस हजार डॉलर घेणारा एक समुपदेशक मध्ये बसलाय आणि हे सगळे एकमेकांना 'मला काय वाटतं' ते सांगतायत. जे ऐकणं पूर्वी 'ओरायन'च्या मध्यात फुकट होत होतं, त्यासाठी आता माणूस नेमावा लागला. 'सेंट अँगर'वर बेस वाजवलाय तो त्याच बॉब रॉकनं, कारण जागेवर माणूसच नव्हता. 'नाही' म्हणणारा स्वतःच बँडमध्ये जाऊन बसल्यावर 'नाही' कोण म्हणणार? ड्रमरचा डबा, गिटारवाल्याचे सोलो, हे दोन्ही मला त्याचेच परिणाम वाटतात. पण हे त्या दोघांना पटत नाही.

२००८चा 'डेथ मॅग्नेटिक' ऐकून मी खरंच खूश झाले होते. नवा बेसिस्ट रॉबर्ट ट्रुहियो, बोटांनी वाजवणारा, आणि सगळ्या गाण्यांवर चौघांची नावं! आता झालं, म्हटलं. पण हेडफोन लावले तर अर्ध्या तासात डोकं ठणकायला लागलं. आवाज इतका वर नेलेला की सगळंच चिरडून गेलेलं. तीच गाणी एका व्हिडिओ गेममध्ये घेतली होती, तिथे मात्र ती मोकळी वाजत होती. लोक गेममधून गाणी काढून ऐकत होते. जगातल्या सगळ्यात श्रीमंत बँडांपैकी एक, आणि त्यांचं संगीत नीट ऐकायला खेळण्याच्या दारानं आत शिरायचं! रॉक गायक लू रीडबरोबरच्या अल्बमबद्दल मी बोलत नाही. एकदा ऐकला, ठेवून दिला.

२०१६चा 'हार्डवायर्ड' सत्याहत्तर मिनिटांचा, दोन डिस्क. हॅमेटचा फोन हरवला होता, त्यात त्याचे अडीचशे रिफ होते म्हणे, आणि त्या अल्बमवर लेखक म्हणून त्याचं नाव एकाही गाण्याला नाही. ट्रुहियोचं एका गाण्याला आहे. म्हणजे परत दोघंच. दोघं लिहितात, कुणी थांबवत नाही, म्हणून गाणी संपत नाहीत. चांगला रिफ येतो, परत येतो, आणि आपण घड्याळ बघतो तोवर आणखी दोनदा येतो. वाईट नसतं त्यातलं काही. वाईट असतं तर बरं झालं असतं, सोडून तरी दिलं असतं.

मध्ये एकदाच मी रडले. सप्टेंबर २०१९मध्ये ते सॅन फ्रान्सिस्को सिंफनीबरोबर वाजले. त्यात ऑर्केस्ट्रातला मुख्य डबल बेसवादक, स्कॉट पिंगल, एकटा उभा राहिला आणि क्लिफचा तो पहिल्या अल्बमवरचा सोलो त्यानं उभ्या बेसवर वाजवला, गजानं, पेडल लावून. हजारो माणसं गप्प. पण डोळे पुसल्यावर मनात आलं ते वेगळंच: त्या रात्रीची सगळ्यात जिवंत पाच मिनिटं बाहेरच्या माणसानं वाजवली.

एप्रिल २०२३मध्ये '७२ सीझन्स' आला. परत सत्याहत्तर मिनिटं. ड्रमरचा फोन आला, "ऐकलास का?" म्हटलं, "ऐकतेय, अजून संपला नाही." तो हसला. शेवटचं गाणं 'इनामोराटा', अकरा मिनिटांचं. लावून मी कपड्यांच्या घड्या घालत बसले होते. अर्धं लक्ष घड्यांकडे. मधेच गिटार थांबल्या. झांजेचा बारीकसा आवाज आणि खाली बेस, एकटा, सावकाश चाललेला.

मी उठले. कपाटावरचा बेस काढला. तारा गंजल्या होत्या आणि ट्यून करताना एक तुटलीच, सुदैवानं वरची. गाणं मागे घेतलं, चार-चार सेकंदांनी, अगदी पूर्वीसारखं. सूर लगेच सापडले. प्रत्येक सूर ऐकू येत होता. हेडफोन काढून ड्रमरला फोन लावला.

"अरे, ट्रुहियो ऐकू येतोय."

"किती वेळ?"

"थोडाच. मग गिटार येतात परत."

तो जरा थांबला. आईचा विनोद त्यालाही पाठ आहे. म्हणाला, "मग बास की."

"नाही रे," मी म्हटलं आणि गाणं परत मागे घेतलं.