ऑलिम्पिकच्या आधीचं सोची: खाली पाम, वर बर्फ, मधे क्रेन (सप्टेंबर २०१३)

हिवाळी ऑलिम्पिक म्हटलं की आपल्याला बर्फात बुडालेलं गाव वाटतं, पण सोचीत उतरलात की पहिलं दिसतं काय तर पामची झाडं आणि हाफ चड्डीत फिरणारी रशियन मंडळी. काळा समुद्र अजून मस्त पोहण्यासारखा आहे. बीचवर वाळू नाही, गोटे आहेत, रबरी चपला घालूनच पाण्यात जा नाहीतर तळव्यांची वाट लागते.

मुख्य गोष्ट आधी सांगतो, फेब्रुवारी २०१४ मध्ये ऑलिम्पिक बघायला येणाऱ्यांच्या कामाची आहे. तिकिटावर सोची लिहिलंय म्हणून सोची सेंटरला हॉटेल बुक करू नका. स्कीइंगसारख्या स्पर्धा वर डोंगरात क्रास्नाया पोल्याना भागात आणि आइस हॉकी, स्केटिंग वगैरे खाली अॅडलरला, जे सेंटरपासून पंचवीसेक किलोमीटर लांब आहे. एअरपोर्टही अॅडलरलाच. त्यामुळे मॅचेस बघायच्या तर अॅडलर, आणि आत्ता नुसतं फिरायला येताय तर सेंटर बरं, तिथे डेंड्रेरियमची बाग आहे, जुनं देखणं रेल्वे स्टेशन आहे, संध्याकाळी बंदरावर टाइमपास होतो.

ऑलिम्पिक पार्कच्या आत आत्ता सोडत नाहीत, कुंपणाबाहेरूनच बघायचं. फिश्त स्टेडियम चाळीस हजारांचं आणि त्यात स्पर्धा एकही नाही, फक्त उद्घाटन आणि समारोप! एवढा खर्च कशासाठी, हे मला काही पटलं नाही. सगळीकडे डंपर, धूळ, खणलेले रस्ते, अॅडलरहून बाहेर पडायलाच इतका वेळ गेला की पुण्यातल्या चांदणी चौकाची आठवण आली.

डोंगरात जायला सोचीहून १०५ नंबरची बस आहे, अॅडलरहूनही मिळते. मिझिम्ता नदीच्या काठाने नवीन रस्ता आणि रेल्वे बरोबरीने बांधतायत, खेळांच्या वेळी ट्रेननेच जायचंय पण आत्ता ती सुरू नाही, म्हणून सकाळी लवकर निघा. रोझा खुतोर या स्की रिसॉर्टला गोंडोला (केबल कार) चालू होता, २३२० मीटरपर्यंत वर जाता येतं, खाली टीशर्ट आणि वर जॅकेट, दोन्ही एकाच दिवशी लागलं. बर्फ कमी पडला तर काय म्हणून मागच्या हिवाळ्यातलाच बर्फ जाड आच्छादनाखाली साठवून ठेवलाय त्यांनी. लूजचा, म्हणजे छोट्या स्लेजवर पाठीवर झोपून घसरत जायच्या शर्यतीचा ट्रॅकही इकडेच, वेग आवरावा म्हणून मधे मुद्दाम चढ ठेवलेत. आपला लूज खेळाडू, मनालीचा शिवा केशवन इथे उतरला तर त्याचं हे पाचवं ऑलिम्पिक, फक्त आपली भारतीय ऑलिम्पिक असोसिएशन सस्पेंड असल्यामुळे तिरंग्याखाली उतरता येईल की नाही याचाच घोळ आहे.

शाकाहारींनी घाबरू नये. जॉर्जियन हॉटेलात खाचापुरी म्हणजे चीज भरलेली गरम रोटी, आणि लोबिओ म्हणजे चक्क राजमा. बोर्श्चमध्ये (बीटाचं सूप) मात्र बहुतेक वेळा मटण-बीफ असतं, विचारून घ्या. इंग्लिश फार कुणाला येत नाही, रशियन अक्षरं तरी वाचता यायला हवीत, नाहीतर बसच्या पाट्याही कळत नाहीत.

कागदपत्रांचं: हॉटेलवाले रजिस्ट्रेशनची चिठ्ठी देतात ती जपून ठेवा. खेळांना नुसतं तिकीट चालणार नाही, ऑनलाइन नाव नोंदवून स्पेक्टेटर पासही काढावा लागेल, तो आधीच काढा. आणि अॅडलरच्या पुढे लगेच अबखाझियाची (जॉर्जियापासून फुटलेला प्रदेश) बॉर्डर आहे, दिवसभराच्या टूर विकणारे मागे लागतात, पण तुमचा रशियन व्हिसा सिंगल एंट्री असेल तर अजिबात जाऊ नका, परत आत यायला मिळणार नाही.