डीव्हीडी ४के टीव्हीवर खराब दिसते, पण दोष स्केलरचा असतोच असं नाही

जुनी डीव्हीडी मोठ्या टीव्हीवर लावली की कडा दातेरी दिसतात, बारीक रेघा थरथरतात, आणि खापर फुटतं स्केलिंगवर, म्हणजे चित्र स्क्रीनएवढं मोठं करण्यावर. बहुतेक वेळा घोळ त्याच्या आधीच्या पायरीवर, डीइंटरलेसिंगमध्ये, म्हणजे निम्म्या-निम्म्या ओळींची चित्रं जोडून पूर्ण चित्र बनवताना, झालेला असतो. तिथे गेलेला तपशील पुढे कितीही भारी स्केलर लावला तरी परत येत नाही.

पाल (भारत-युरोपातली टीव्ही पद्धत) डीव्हीडीचं चित्र ७२० बाय ५७६, सेकंदाला ५० फील्ड, म्हणजे निम्म्या ओळींची चित्रं. एका फील्डमध्ये सम ओळी, दुसऱ्यात विषम, म्हणजे प्रत्येकी २८८. सिनेमात दोन्ही फील्ड एकाच फ्रेममधून काढलेले असतात. ते विणले की पूर्ण ५७६ ओळी मिळतात. क्रिकेटच्या थेट प्रक्षेपणात मात्र दोन फील्डमध्ये १/५० सेकंद गेलेला असतो. विणलं तर फिरत्या बॅटच्या कडेला कंगव्याचे दात फुटतात. म्हणून स्थिर भाग विणायचा आणि हलत्या भागातल्याच ओळी अंदाजाने भरायच्या. स्वस्त चिप सगळीकडेच अंदाज करते, मग सिनेमाही निम्म्या ओळींवर भागवतो.

गंमत म्हणजे सिनेमा ओळखायला पाल अवघड. एनटीएससी या अमेरिका-जपानच्या पद्धतीत सिनेमाच्या फ्रेमना आळीपाळीने ३ आणि २ फील्ड मिळतात. या ३:२ मध्ये दर ५ फील्डमागे एक फील्ड पुन्हा येतं, ती खूण पकडता येते. पालच्या २:२ मध्ये, म्हणजे प्रत्येक फ्रेमला दोनच फील्ड, पुन्हा काहीच येत नाही. त्यात खालून बातम्यांची पट्टी सरकत असेल तर भलेभले टीव्ही गोंधळतात.

तपासायचं असं: एकच डिस्क, प्लेअरचं आउटपुट आधी ५७६आय, मग ५७६पी, मग १०८०पी (आय म्हणजे इंटरलेस, फील्ड-फील्डने; पी म्हणजे पूर्ण फ्रेम). पहिल्यात दोन्ही कामं टीव्ही करतो, दुसऱ्यात डीइंटरलेसिंग प्लेअरचं, तिसऱ्यात १०८० पर्यंतचं स्केलिंगही त्याचंच. पहिल्या-दुसऱ्यात फरक दिसला तर डीइंटरलेसिंगचा, दुसऱ्या-तिसऱ्यात दिसला तर स्केलिंगचा. प्लेअर आणि टीव्हीच्या मध्ये एव्ही रिसीव्हर (स्पीकरचा ॲम्प्लिफायर) असेल तर त्याचं व्हिडिओ प्रोसेसिंग तेवढ्यापुरतं बंद ठेवा. ५७६आयला कुठे १४४० बाय ५७६ असं दिसलं तर घाबरू नका. एचडीएमआयच्या किमान वेगात बसवण्यासाठी प्रत्येक पिक्सेल दोनदा पाठवतात.

कॅमेरा सावकाश सरकत असताना क्रीजची पांढरी रेघ बघा, पायऱ्या पडतात का. लाल साडीच्या काठावर एकाआड एक पट्टे दिसले तर रंगाच्या ओळी चुकीच्या उलगडल्या आहेत. पॉज करून निकाल देऊ नका, तेव्हा बरेच प्लेअर एकच फील्ड दाखवतात. ओव्हरस्कॅन बंद करा, नाहीतर टीव्ही चित्र कापून पुन्हा ताणतो आणि तुलनाच बिघडते.

सेट-टॉप बॉक्सचं दुखणं वेगळं. आउटपुट १०८०आयवर अडकवलेलं असेल तर एसडी चॅनेल बॉक्समध्ये मोठं होऊन पुन्हा इंटरलेस होतं, आणि टीव्ही ते दुसऱ्यांदा सोडवतो. 'नेटिव्ह' किंवा 'ओरिजिनल' पर्याय असेल तर तोच घ्या. चॅनेल बदलताना स्क्रीन क्षणभर काळी होईल, घरच्यांची कुरकुर होईल, पण चित्रासाठी हाच सौदा बरा.

कॉम्प्युटरवर डीइंटरलेसिंगसाठी बीडब्ल्यूडीआयएफ नावाचा फिल्टर पुरेसा चांगला आहे, फक्त क्रिकेटसाठी तो दर फील्डमागे एक फ्रेम देईल असा लावा. २५ फ्रेमवर ठेवलात तर निम्मी हालचाल जाते. चेंडू पुढे-मागे-पुढे उड्या मारायला लागला तर फिल्टर बदलत बसू नका, फील्डचा क्रम उलटा लागलाय.