आमची वाटचाल : माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेत न्यायसहायक विज्ञान

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी या भागांतील माध्यमिक शाळांना प्रयोगशाळेचे साहित्य पुरवण्याचा व्यवसाय माझ्या वडिलांनी सुरू केला. परीक्षानळ्या, चंचुपात्रे, लिटमस, भिंगे आणि तराजू असा तो माल होता. पुढे साहित्याच्या दुरुस्तीचे काम माझ्याकडे आले, शाळाशाळांतील कपाटे उघडून पाहण्याचा योग आला आणि आम्ही दिलेले बरेचसे साहित्य तेथे न वापरता पडून असल्याचे दिसले. याचा दोष मी शिक्षकांना देत नाही. वर्ग मोठे, एस.एस.एल.सी.चा म्हणजे दहावीचा अभ्यासक्रम संपवण्याची घाई, आणि ज्या प्रयोगाचे उत्तर पाठ्यपुस्तकात आधीच छापलेले आहे तो पुन्हा करून पाहण्याची ओढ मुलांना वाटावी तरी कशी? आमचा माल खपत होता, पण मुलांचे हात त्याला लागत नव्हते, आणि ही गोष्ट मला मनापासून खटकत होती.

प्रयोग तेच ठेवावेत, पण उत्तर कोणालाच माहीत नाही असा प्रश्न त्यांच्या आधी मांडावा, हा विचार आमच्या ओळखीच्या एका निवृत्त विज्ञान शिक्षिकांनी सुचवला. त्यातून गुन्ह्यांच्या तपासात वापरल्या जाणाऱ्या विज्ञानाकडे, म्हणजे न्यायसहायक विज्ञानाकडे, आम्ही वळलो. फ्रान्समधील लियों येथे १९१० मध्ये पोलिसांसाठी प्रयोगशाळा उभारणारे एडमंड लोकार यांचे सूत्र असे, की दोन वस्तूंचा स्पर्श झाला की प्रत्येकीचे काहीतरी दुसरीवर राहते. आठवीतल्या मुलाला हे एका वाक्यात समजते आणि लगेच तो आपल्या चपलेचा तळ उलटून पाहतो.

आमचा पहिला संच एका पावतीवर बेतलेला होता. सहकारी सोसायटीच्या पावतीवर ५०० चा आकडा आहे आणि त्याच्या आधी कोणीतरी मागाहून आणखी एक ५ लिहिला आहे. दोन्ही शाया डोळ्यांना काळ्याच दिसतात. गाळणकागदाच्या पट्टीवर ठिपका देऊन पट्टीचे टोक द्रावणात बुडवले, की शाईतील रंग वेगवेगळ्या उंचीवर चढतात आणि दोन शायांचे पट्टे वेगळे असल्यास ते उघडे पडते. स्केचपेनाची शाई पाण्याने वर चढते, बॉलपेनाच्या शाईला मात्र स्पिरिट लागते, आणि हा फरक मुलांनी स्वतः अडखळून शोधावा म्हणून सूचनापत्रिकेत आम्ही तो मुद्दाम लिहिलेला नाही. रंगद्रव्ये वेगळी करण्याच्या पद्धतीचा धडा एरवी एका तासात संपतो. येथे मुले तास संपल्यावरही पट्ट्या वाळण्याची वाट पाहत थांबतात.

सर्वांत अधिक समाधान आम्हाला मातीच्या संचाने दिले, कारण त्यासाठी लागणारा माल आपल्या जिल्ह्यानेच पुरवला. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेस, जांबोटीच्या बाजूला, जांभ्याची तांबडी माती आहे. सह्याद्रीचा भरपूर पाऊस जमिनीतील चुना धुऊन नेतो आणि लोहाची व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे राहतात, म्हणून ती तांबडी आणि बहुधा आम्लधर्मी असते. पूर्वेस सौंदत्ती आणि बैलहोंगलकडे पाऊस कमी आणि जमीन काळी. तेथील चुनखडीयुक्त मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात. दहावीच्या आम्ल-आम्लारीच्या धड्यातील ही अभिक्रिया मुलांनी पाठ केलेली असते, पण आपल्या आजोळच्या शेतातली माती फसफसताना पाहिलेली नसते. संचात संशयिताच्या दुचाकीच्या चाकावरची म्हणून एक पुडी असते आणि तुलनेसाठी ठिकाणांची नावे लिहिलेल्या पुड्या असतात. मुले रंग पाहतात, उंच नळीत पाण्याबरोबर हलवून थर बसू देतात, सामू (पीएच) मोजतात आणि शेवटी आम्लाची परीक्षा घेतात.

खरे शिक्षण यानंतर, अहवाल लिहिताना घडते, आणि माझ्या मते हा संच त्यासाठीच विकत घ्यावा. मुले बहुतेक वेळा पहिल्या फटक्यात लिहितात, की ही माती जांबोटीचीच आहे. मग शिक्षक विचारतात, की अशी तांबडी माती खानापूरच्या पश्चिमेस आणखी किती गावांत सापडेल? हळूहळू वाक्य बदलते : नमुना जांबोटीच्या मातीशी मिळताजुळता आहे, पण तो तेथूनच आला असे यावरून म्हणता येत नाही; चुनखडीच्या काळ्या मातीचा मात्र तो नाही. न जुळणारा पुरावा एखादी शक्यता ठामपणे बाद करतो, आणि जुळणारा पुरावा ती केवळ शिल्लक ठेवतो. हा फरक ज्या मुलीने एकदा स्वतःच्या हाताने लिहिला, तिला विज्ञानातील निष्कर्ष म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

पुढे गणिताचे शिक्षकही आमच्याकडे येऊ लागले. पृष्ठभागावर तिरपा पडलेला रक्ताचा थेंब लांबट डाग सोडतो, आणि डागाची रुंदी भागिले लांबी म्हणजे आघातकोनाचे, म्हणजे थेंब पृष्ठभागाशी ज्या कोनात आदळला त्याचे, साइन होय. रुंदी ५ मिलिमीटर आणि लांबी १० मिलिमीटर असेल, तर कोन ३० अंश. रक्ताऐवजी साखरेचा पाक आणि खाण्याचा लाल रंग यांच्या मिश्रणावर हे काम भागते. त्यासाठी लागणारी, हव्या त्या कोनात बसणारी फळी आम्ही बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक भागातील एका लहान कारखान्यातून करून घेतो. फळी आडव्या पातळीशी ६० अंशांनी तिरपी केली तर सरळ खाली येणाऱ्या थेंबाचा आघातकोन ३० अंशांचा होतो, यावर प्रत्येक वर्गात वाद होतो, आणि तो व्हावा अशीच आमची इच्छा असते.

बोटांच्या ठशांचा संच सर्वाधिक विकला जातो. शिसपेन्सिलीची पूड, मऊ ब्रश आणि पारदर्शक चिकटपट्टी एवढ्यावर तो चालतो. त्यासोबतच्या पुस्तिकेत १८९७ साली कलकत्त्यात स्थापन झालेल्या अंगुलिमुद्रा कार्यालयाची आणि तेथे वर्गीकरणाची गणिती पद्धत बसवणाऱ्या अझीझुल हक व हेमचंद्र बोस यांची माहिती आम्ही आवर्जून दिली आहे. दहा बोटांपैकी प्रत्येकावर चक्र आहे की नाही, या एकाच प्रश्नातून २ चा दहावा घात, म्हणजे १०२४ गट पडतात, हे मुले स्वतः मांडून पाहतात. मुलांचे ठसे मात्र शाळेने किंवा आम्ही ठेवू नयेत, तास संपताच कार्ड ज्याचे त्याला परत द्यावे, असा आमचा आग्रह आहे. आयोडीनच्या वाफेने ठसे उठवण्याचा प्रयोग दिसायला देखणा असला, तरी त्या वाफा डोळ्यांना आणि श्वासमार्गाला अपायकारक असल्याने तो आम्ही संचात घेतलेला नाही.

व्यवहाराच्या बाजूने सांगायचे, तर लहान गावांतील शाळांना संपूर्ण संच परवडत नाही. म्हणून आम्ही तो भाड्याने देतो आणि संपलेला माल तेवढा भरून घेतो. सूचना मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत छापतो, त्यामुळे एकाच आवारातील दोन माध्यमांचे वर्ग एक संच वापरू शकतात. राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाचे केंद्र धारवाडला आले आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे. त्यामुळे या क्षेत्रातील शिक्षणाविषयी पालकही आता आम्हाला विचारतात.

सध्या आम्ही जिल्ह्याच्या मातीचा संदर्भसंग्रह तयार करत आहोत. त्यात भाग घेणाऱ्या शाळांनी शेताच्या पृष्ठभागावरची आणि वीतभर खोलीवरची अशी दोन पाकिटे पाठवावीत. माती सावलीत पूर्ण वाळवावी, प्लास्टिकमध्ये न भरता कागदी पाकिटात घालावी आणि त्यावर गाव, खोली, तारीख व नमुना गोळा करणाऱ्या वर्गाचे नाव लिहावे. गोळा करताना खुरपे प्रत्येक नमुन्यानंतर धुऊन पुसणे आवश्यक आहे.