आमची वाटचाल: पुरातला माल आणि आमची पावतीवही

चिपळुणात आमचं भंगाराचं दुकान वडिलांनी सुरू केलं. आधी सायकल आणि ताणकाटा, मग हातगाडी, मग तीनचाकी टेम्पो. खेर्डी-खडपोलीचे कारखाने जवळ, लोटेची औद्योगिक वसाहतही फार लांब नाही, त्यामुळे माल वाढत गेला. या धंद्यातल्या बहुतेकांची सुरुवात अशीच झालेली असते, म्हणून त्यावर पानं भरत नाही. मला लिहायचं आहे ते 2020 ते 2022 बद्दल. त्या काळात आम्हाला गावात चोर म्हटलं गेलं. ज्यांनी म्हटलं, त्यांतल्या एकानेही आजवर शब्द मागे घेतलेला नाही.

त्याआधी मामांबद्दल सांगायला हवं. मामा म्हणजे वडिलांचे पहिले भागीदार. सख्खे नव्हेत, पण आम्ही भावंडं त्यांच्या खांद्यावर वाढलो. कराडच्या बाजूचे, कुंभार्ली घाट उतरून कामाला आले आणि इथलेच झाले. त्यांच्या पिशवीत तीन वस्तू कायम: लोहचुंबक, कानस आणि छोटी छिन्नी. चुंबकाला चिकटलं की लोखंड, हे शाळेतलं पोरही सांगेल. मामांचं कसब तिथून पुढे सुरू व्हायचं. चकचकीत नळ आला की कानशीचा एक घास मारायचा. आत पिवळं दिसलं तर पितळ, पांढरट दिसलं तर जस्ताचा, आणि दोन्हींच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक. बीड म्हणजे ओतीव लोखंड. बीड आणि पोलाद ओळखायला ते घणाचा एक ठोका पुरे म्हणायचे. बीड तुटतं आणि तुटल्या जागी राखाडी दाणा दिसतो, पोलाद वाकतं. आमचं बीड कोल्हापूरच्या फाउंड्रींना जातं, तिथे मालात पोलादाची भेसळ चालत नाही. मामांनी भरलेल्या गाडीबद्दल तिकडून कधी तक्रार आली नाही.

मामांची चौथी वस्तू म्हणजे पावतीवही. माल कुणाचा, कुठून आला, वजन किती, आणणाऱ्याची सही किंवा अंगठा. दोन किलो पत्रा असला तरी. वडील कधीकधी वैतागायचे, गिऱ्हाईक खोळंबतं म्हणायचे. मामा ऐकायचे नाहीत. "भंगार झालं म्हणून बेवारशी होत नाही," एवढंच म्हणायचे आणि लिहीत बसायचे.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या पट्ट्यात घरांचे पत्रे उडाले, सुपारी-नारळाच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब पडले आणि तारा रस्त्यावर लोळत राहिल्या. टाळेबंदीमुळे आमचा धंदा आधीच बसला होता. तरी मामा म्हणाले, सुरुवातीला काही घ्यायचं नाही. पत्रा या घरावरचा त्या परसात जाऊन पडलेला, लोक अजून आपापले पत्रे ओळखून गोळा करत होते. ज्याच्या परसात पडला त्याच्याकडून आपण घेतला, तर दोन घरांत कायमचं वैर लागतं. लोकांनी आपापलं नेलं, वाकडं-तिकडं उरलं ते बाजूला काढलं, मग आम्ही टेम्पो पाठवला.

एका संध्याकाळी एक मुलगा काळ्या पडलेल्या तारेचं वेटोळं घेऊन आला. ॲल्युमिनियम आहे, घरचं आहे, म्हणाला. मामांनी टोकाला पीळ उलगडला. बाहेर सहा धागे, मधोमध एक. बाहेरच्या धाग्यांना चुंबक लावलं, काही नाही. मधल्याला लावलं, टच्कन चिकटलं. ॲल्युमिनियमच्या पोटात पोलादी धागा असलेली तार कुणाच्या घरात नसते, ती खांबावरची. धंद्यातल्या कुणालाही हे कळतं. न कळल्याचं सोंग घेणारे मात्र बरेच. मामांनी त्याला समोर बसवून चहा दिला आणि सांगितलं, "बाळा, वीज कायद्यात कलम 136 आहे. नेणाऱ्यालाही लागतं, घेणाऱ्यालाही. जिथून उचललीस तिथे ठेवून ये, वायरमन शोधत असेल." मुलगा गेला. तार खांबाशी गेली की दुसऱ्या काट्यावर, ते आम्हाला कळलं नाही. आमच्या काट्यावर चढली नाही, एवढं नक्की.

दुसरा काटा म्हणजे कोण, ते नाव घेऊन लिहिणार नाही. आमच्यानंतर बऱ्याच वर्षांनी आलेलं गोडाऊन. दिवसा शटर अर्धं खाली, रात्री टेम्पो आत. पावती नाही, सही नाही, भाव आमच्यापेक्षा थोडा चढा. आमचे फेरीवाले एकेक करून तिकडे सरकत होते. गरीब माणूस जास्त पैसे मिळतील तिथे जाणार, त्यांना दोष देत नाही.

मग 22 जुलै 2021. वाशिष्ठी आणि शिवनदी एकत्र झाल्या आणि बाजारपेठ पहिल्या मजल्यापर्यंत पाण्यात गेली. 26 जुलै 2005 च्या पाण्याची खूण धरून आम्ही गोडाऊनचं जोतं उंच घेतलं होतं, ते सहज बुडालं. इलेक्ट्रॉनिक काटा गेला, गॅस कटिंगचे पाइप गेले, भिंतीला लावलेला तांब्या-पितळेचा निवडलेला माल गाळाखाली गेला. पाणी उतरल्यावर गावभर गुडघाभर गाळ आणि त्यात फ्रीज, कपाटं, दुचाक्या, शिलाई मशिनं, गिरण्यांच्या मोटारी. दुकानदारांनी सगळं रस्त्यावर काढून ठेवलं होतं, धुवायला आणि वाळवायला. बाहेरगावच्या टेम्पोंनी नेमका त्याचाच फायदा घेतला. "गाळ काढून देतो" म्हणत यायचे आणि गाळाबरोबर मोटारही न्यायचे. गाळात लडबडलेली वस्तू टाकून दिलेलीच आहे, असं त्यांनी धरूनच चाललं होतं.

त्या दिवसांत आम्ही काय केलं ते अभिमानाने सांगतो. दुकानदार माल द्यायला यायचे तेव्हा आधी विचारायचो, पंचनामा झाला का? विम्याचा सर्व्हेअर येऊन गेला का? नसेल झाला तर माल परत पाठवायचो. कारण वस्तूच गेली तर नुकसान दाखवायचं कशाचं? विमा असेल तर उरलेल्या भंगाराची किंमत दाव्यातून वजा होते, तिचं दरपत्रक आम्ही लेटरहेडवर खऱ्या भावाने दिलं. दुचाकी आरसी बुक बघितल्याशिवाय घेतली नाही. पाण्यात वाहून आलेले गॅस सिलिंडर तर काट्याजवळही येऊ दिले नाहीत, सिलिंडर कंपनीचा असतो, घरमालकाचासुद्धा नसतो. हे सगळं करताना आमचं स्वतःचं गोडाऊन अजून धुवून व्हायचं होतं. त्या वर्षी लोखंडाचे भाव चढे होते. डोळे मिटून घेणाऱ्यांनी महिन्याभरात वर्षाची कमाई केली.

आणि मग गिरणीच्या मोटारीचं प्रकरण झालं.

पिठाची गिरणी चालवणाऱ्या आमच्या एक काकू आहेत. वडिलांच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक. जाती झिजली, पट्ट्याची पुली फुटली, बेअरिंग गेलं, सगळं आमच्याकडेच यायचं. पुरात गिरणी बुडाली. मोटार रिवाइंड केली, म्हणजे आतली तांब्याची तार नव्याने गुंडाळली, तर चालेल म्हणून काकूंनी ती काढून ओट्यावर ठेवली होती. रात्रीत गेली. पुढे काही दिवसांनी एका टेम्पोतून आमच्याकडे बीड आलं, मिश्र माल: तुटके चरक, पाइपांचे तुकडे, दोन-तीन मोटारींचे रिकामे सांगाडे. तांबं आधीच काढून घेतलेलं. कामगारांनी वजन केलं, नेहमीप्रमाणे पावती फाडली, आणणाऱ्याची सही आणि गाडीचा नंबर घेतला. दुपारी मामा निवडायला बसले आणि एका सांगाड्याशी थांबले. हिरवा रंग खरवडलेला, नंबराची पाटी उपटलेली. पण एका पायाला जुनं बिडाचं वेल्डिंग होतं, जाडसर, एका बाजूला ओघळलेलं. तो पाय काही वर्षांपूर्वी मामांनीच वेल्ड करून आणून दिला होता.

आम्ही त्याच संध्याकाळी काकूंना बोलावलं आणि त्यांना घेऊन स्वतः पोलिसांकडे गेलो. सांगाडा, पावतीवही, गाडीचा नंबर, सगळं समोर ठेवलं. पण दुसऱ्या दिवशी गावात बातमी फिरली ती वेगळीच: "चोरीची मोटार यांच्याकडेच सापडली." सापडली नव्हती, आम्ही दाखवली होती. हा फरक कुणाला ऐकायचाच नव्हता. ज्यांच्या काट्यावरून तो टेम्पो सुटला होता, त्यांनीच ही बातमी चहाच्या टपरीपासून व्यापाऱ्यांच्या ग्रुपपर्यंत पोचवली, हे आम्हाला नंतर एकाहून जास्त माणसांनी सांगितलं. तांबं तिकडे ठेवायचं आणि ओळख पटणारं बीड आमच्याकडे धाडायचं, हे मुद्दाम केलं की आपोआप घडलं, ते मला सिद्ध करता येणार नाही. मला काय वाटतं ते वाचणाऱ्याला कळलं असेल.

कारखान्यांनी माल थांबवला. कोल्हापूरच्या पार्टीने "जरा मिटू दे" म्हणत गाडी नाकारली. पुराचं नुकसान, नवीन काट्याचं कर्ज आणि येणं बंद. गोडाऊन विकायचं ठरलं होतं, बघायला माणूस येऊनही गेला. त्या काळात रोज दुकानात येऊन बसत होत्या त्या एकट्या काकू. गल्ल्याशेजारी खुर्ची टाकायच्या आणि येईल त्याला सांगायच्या, "मोटार माझी होती. यांनी ओळखली म्हणून मला कळलं." त्यांची गिरणी तेव्हा बंदच होती. अखेर पावतीवरच्या सहीचा माणूस मिळाला, त्याने माल कुठे भरला ते सांगितलं. चोरीचा माल जाणून घेणाऱ्याला तेव्हा भारतीय दंड संहितेचं (भादंवि) कलम 411 लागायचं, आता न्याय संहितेत ते 317 आहे. आमच्यावर काही आलं नाही. ते दुसरं गोडाऊन काही महिने बंद राहिलं, मग दुसऱ्या नावाने उघडलं.

मामा 2022 मध्ये थकले, आता गावी असतात. पावतीवही माझा मुलगा सांभाळतो. ऑक्टोबर 2024 पासून जीएसटी नोंदणी नसलेल्या माणसाकडून नोंदणीवाल्याने धातूचं भंगार घेतलं तर जीएसटी घेणाऱ्याने भरायचा असतो, त्यामुळे नोंद ठेवणं आता नोंदणीवाल्या सगळ्यांनाच भाग आहे. आम्ही ते आधीपासून करत आलो.

या धंद्यात उतरणाऱ्या पोरांना सांगतो, जाळलेलं तांबं घेऊ नका. सोललेल्या तांब्याला भाव चांगला मिळतो, म्हणून घरची वायर माणूस बसून सोलतो. घाईत जाळतो त्याच्याकडे बहुधा लपवण्यासारखं काही असतं, आणि तो धूर छातीत जातो तो वेगळाच. दुकानदारांनो, काट्यावर माल ठेवण्याआधी आकडा शून्यावर आहे का ते बघा, आमच्याकडे आलात तरी बघा. बंद पडलेली मोटार बिडाच्या भावात देऊ नका, आतल्या तांब्याचा हिशेब वेगळा मागा.

आणि मोटारीला पाटीच्या भरवशावर ठेवू नका, पाटी छिन्नीच्या एका फटक्यात निघते. सांगाड्याच्या पायाखाली, जिथे रंग लागत नाही तिथे, नंबराचे पंच ठोकून घ्या. पंचाचा संच आमच्याकडे आहे. दरवर्षी मे महिन्यात आम्ही हे काम करून देतो, त्याचे पैसे घेत नाही. मोटार घेऊन या, नाहीतर सांगा, मुलगा दुकानात येऊन ठोकून देईल.