सुटला, मग सरकारनं किती दिलं?

पेपरात वर्षातून दोन-तीनदा तरी ती बातमी येते. अमुक इतकी वर्षं आत काढलेला माणूस निर्दोष सुटला. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मला कुणीतरी विचारतंच. कधी भाऊजी, कधी शेजारच्या काकू, कधी कोर्टासमोरचा चहावाला. "ताई, त्याला आता सरकार किती देणार?"

मी वकील आहे, पण फौजदारीतली नाही. मराठवाड्यातल्या एका जिल्हा कोर्टात मी अपघाताचे दावे आणि भूसंपादनाची प्रकरणं चालवते. म्हणजे माझा सगळा धंदाच भरपाईचा. म्हणूनच लोक मला विचारत असावेत. मी म्हणते, "काही नाही." त्यावर समोरचा हसतो. मी टाळतेय असं त्याला वाटतं. तुम्हीही परवा विचारलंत, म्हणून यावेळी जरा नीट सांगते.

आधी माझ्या टेबलावरचं सांगते. सेंट्रिंगचं काम करणाऱ्या २७ वर्षांच्या माणसाचा पाय टिपरखाली सापडून मांडीपासून गेला, तर त्याचं काय करायचं हे मला पाठ आहे. रोज ५०० रुपये, महिन्याचे २६ दिवस, वर्षाचे १,५६,०००. स्वतंत्र कामगार आणि वय ४० च्या आत, म्हणून पुढच्या कमाईचे ४० टक्के वाढवायचे. वय २६ ते ३० मध्ये, म्हणून गुणक १७, म्हणजे वर्षाची कमाई सतरानं गुणायची. कमाईची क्षमता ६० टक्के गेली असं धरलं तर २२,२७,६८०. दवाखाना, यातना, नकली पाय हे सगळं वेगळं. हा गुणकाचा तक्ता सुप्रीम कोर्टानं २००९ मध्ये पक्का केला, २०१७ मध्ये त्यात भर घातली. आकड्यांवरून भांडणं होतात, विमा कंपनी रडते, पण तक्ता आहे. वर्षभर वकिली केलेलं पोरगंही दहा मिनिटांत हिशोब मांडून देतं.

गाडी धडक देऊन पळून गेली, नंबर मिळाला नाही, ड्रायव्हर कोण ते देवाला ठाऊक, तरी एप्रिल २०२२ पासून मृताच्या घरच्यांना दोन लाखांची सरकारी योजना आहे. कुणी मारलं हे माहीत नसतानासुद्धा.

आणि जमिनीचं तर विचारूच नका. २०१३ च्या कायद्याच्या नावातच 'उचित भरपाईचा हक्क' आहे. बाजारभाव काढायचा, तेवढीच रक्कम दिलासा म्हणून त्यावर द्यायची, वर व्याज. विहीर वेगळी, पाइपलाइन वेगळी. मोसंबीच्या झाडाचं वय मोजून पैसे दिलेले मी पाहिलेत.

आता तो दुसरा माणूस. तोही सेंट्रिंगचाच. नाव-गाव सांगत नाही. दरोडा आणि खून अशा गुन्ह्यात उचलला, कारण त्याच्या मोटारसायकलचा रंग जुळत होता. पुढे ओळख परेडमध्ये एका साक्षीदारानं त्याच्याकडे बोट दाखवलं. जामीन झाला नाही. खटला चालायला लागला तेव्हा चार वर्षं होऊन गेली होती. उलटतपासणीत तोच साक्षीदार म्हणाला, परेडच्या आधी मला ठाण्यात फोटो दाखवले होते. सहा वर्षं चार महिन्यांनी सुटला. माझ्याकडे आला तो बिगबाजारच्या जुन्या पिशवीत कागद घेऊन. कारागृहाचा दाखला वर होता. "मॅडम, २,३१३ दिवस," म्हणाला. मी कॅलेंडर काढून मोजले. बरोबर होते.

त्याच्या निकालाचं शेवटचं पान मी वाचलं. तुम्हीही कधी असं पान मिळालं तर वाचा. आरोपीस निर्दोष मुक्त करण्यात येते. अन्य गुन्ह्यात आवश्यक नसल्यास तत्काळ सोडावे. मुद्देमालातील मोटारसायकल अपिलाच्या मुदतीनंतर मूळ मालकास परत करावी. आणि हो, सरकार अपिलात गेलं तर हजर राहीन म्हणून सुटलेल्या माणसानंच सहा महिन्यांचं जामीनपत्र द्यायचं! निर्दोष ठरल्यावर जामीनदार शोधत फिरलेली माणसं मी आवारात पाहिली आहेत. गाडीचं काय करायचं ते त्या पानावर आहे. २,३१३ दिवसांबद्दल एक ओळ नाही. न्यायाधीशांची यात चूक नाही, लिहिणार तरी कुठल्या कलमाखाली?

कलम शोधलंच तर एक सापडतं. विनाकारण अटक करवली म्हणून भरपाई. जुन्या फौजदारी संहितेत ३५८, आता जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ३९९. कमाल रक्कम एक हजार रुपये, तीही सरकारनं नाही, अटक करवणाऱ्यानं द्यायची. अख्खी संहिता नव्यानं लिहिली, कलमाचा नंबर बदलला, हजार तेवढे हजारच राहिले.

दुसरा रस्ता दिवाणी दाव्याचा. खोटा खटला भरल्याबद्दल. त्यात खटला निराधार होता एवढं दाखवून भागत नाही, भरणाऱ्याच्या मनात दुष्टावा होता हेही सिद्ध करावं लागतं. पोलिसाचं मन उघडून दाखवायचं, सेंट्रिंगवाल्यानं. मुदत सुटकेपासून एक वर्ष. हा माणूस माझ्याकडे आला चौदाव्या महिन्यात. पहिलं वर्ष कुठं गेलं विचारलं, तर रेशनकार्डावरचं कमी झालेलं नाव परत चढवण्यात, आधारचे ठसे जुळवण्यात आणि बहिणीच्या सासरी जाऊन तोंड दाखवण्यात. मुदतीचा कायदा लिहिणाऱ्याला यातलं काही माहीत नसणार.

तिसरा रस्ता रिटचा, म्हणजे सरकारनं मूलभूत हक्क मोडला म्हणून हायकोर्टात किंवा थेट सुप्रीम कोर्टात जायचं. तो रस्ता ज्याच्यामुळे उघडला त्याचं नाव रुदुल शाह. बिहारमधल्या मुजफ्फरपूरचा. सत्र न्यायालयानं त्याला जून १९६८ मध्ये निर्दोष सोडलं आणि तुरुंगातून तो बाहेर आला ऑक्टोबर १९८२ मध्ये. निर्दोष ठरल्यानंतर १४ वर्षं! सरकार म्हणालं, तो वेडा होता. कोर्टानं पुरावा मागितला, तो नव्हता. १९८३ साली सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूडांच्या पीठानं पहिल्यांदा म्हटलं की मूलभूत हक्क मोडला तर कोर्ट नुसतं 'सोडा' म्हणून थांबणार नाही, पैसेही द्यायला लावेल. आमच्या पिढीनं हा निकाल कॉलेजात भक्तिभावानं वाचला. मीही वाचला, आणि रक्कम वाचायची राहून गेली. आधीचे ५,००० धरून ३५,०००. ती तात्पुरती मलमपट्टी आहे, पुढे दावा लावायला तो मोकळा आहे, असं कोर्टानंच म्हटलं होतं. तरी मी भागाकार केला. दिवसाला सात रुपयेसुद्धा पडत नाहीत.

आपल्याकडचं उदाहरण त्याहून जवळचं. २००३ सालचं खुनाचं प्रकरण, नाशिकच्या सत्र न्यायालयात चाललेलं. भटक्या जमातीतले सहा मजूर आरोपी. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टानं सहाही जणांना फाशी कायम केली, म्हणजे हायकोर्टानं तिघांची जन्मठेपेवर आणली होती ती पुन्हा फाशीवर नेली. त्यांतला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे नंतर उघड झालं. मग पुनर्विचार, आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच कोर्टानं सहाही निर्दोष सोडले. वाचलेल्या बाईनं घटनेनंतर लगेच पोलिसांच्या फोटोंतून चार वेगळ्याच माणसांना ओळखलं होतं. त्या चौघांच्या मागे कुणी गेलंच नाही. कोर्टानं महाराष्ट्र सरकारला प्रत्येकी पाच लाख द्यायला सांगितलं. १६ वर्षांचे. दिवसाला साधारण ८५ रुपये, आणि त्यातली काही वर्षं रोज सकाळी दोर आठवत काढलेली. ज्यांची माणसं त्या रात्री मारली गेली त्यांना तर खरा गुन्हेगार कोण हेही कळलं नाही. त्यांचा हिशोब कुठल्याच रकान्यात बसत नाही.

लगेच कुणीतरी हेरगिरीच्या खोट्या आरोपात अडकवलेल्या इस्रोच्या शास्त्रज्ञाचं, नंबी नारायणन यांचं नाव घेतं. त्यांना २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं ५० लाख दिले, पुढे केरळ सरकारनं आणखी १ कोटी ३० लाख. १९९४ मध्ये अटक झाल्यावर ते ५० दिवस आत होते. कुणी याला जास्त म्हणालं की मला राग येतो. त्या माणसाचं आयुष्यभराचं काम मातीत गेलं आणि तो २४ वर्षं भांडला. जास्त त्यांना मिळालं नाही, कमी बाकीच्यांना मिळालं. आणि कित्येकांना मिळालंच नाही. अक्षरधाम हल्ल्याच्या खटल्यातले सहा जण मे २०१४ मध्ये निर्दोष सुटले, तपासावर कोर्टानं कडक शब्दांत ताशेरे ओढले. त्यांनी भरपाई मागितली तेव्हा, २०१६ मध्ये, त्याच कोर्टानं सांगितलं की हा घातक पायंडा पडेल. मालेगावच्या २००६ च्या स्फोटात पकडलेल्या नऊ जणांना पाच वर्षांनी जामीन मिळाला आणि २०१६ मध्ये ते आरोपमुक्त झाले, तोवर त्यांतला एक हयात नव्हता. तक्ता नसला की असं होतं. ज्याचा वकील चांगला, ज्याच्यावर लेख आले, ज्या दिवशी पीठ बरं होतं, त्याला मिळतं.

आता तुमचा पुढचा प्रश्न मला माहीत आहे, कारण तोही नेहमीचाच. सुटलेले सगळे खरंच निर्दोष असतात का? नसतात. साक्षीदार फुटतात, पंच फिरतात, पैसे फिरतात. 'संशयाचा फायदा' मिळून सुटलेला एकजण निकालाच्या दिवशी आवारात पेढे वाटत होता. मीही पेढा घेतला आणि घरी येऊन तोंड धुतलं. हा मुद्दा खोटा नाही, आणि इथंच माझं बाकीच्यांशी पटत नाही. कायद्यात काय बदलावं ते सरकारला सुचवणाऱ्या विधी आयोगानं ऑगस्ट २०१८ मध्ये या विषयावर स्वतंत्र अहवाल दिला, २७७ वा. विशेष न्यायालयं, दाव्याची पद्धत, सगळं त्यात आहे. पण भरपाई कुणाला, तर ज्याच्यावरचा खटला दुष्टाव्यानं किंवा सद्भावना सोडून चालवला गेला त्याला. म्हणजे पुन्हा पोलिसाचं मन उघडा.

मला वाटतं अपघाताच्या कायद्यासारखे दोन मजले करावेत. खालचा मजला विनादोष. कोर्टानं सोडलं ना? मग आत काढलेल्या दर दिवसाला ठरलेला दर, कुणाची चूक हे न विचारता. जर्मनीत तो २०२० पासून दिवसाला ७५ युरो आहे, बुडालेली कमाई वेगळी. जपानमध्ये दिवसाला जास्तीत जास्त १२,५०० येन. १९६६ साली अटक झालेले इवाओ हाकामादा २०२४ मध्ये, ८८ व्या वर्षी निर्दोष ठरले आणि त्यांना याच दरानं २१ कोटी येनच्या वर मिळाले. त्यांच्या आयुष्याची किंमत कुणी केली नाही, दिवस मोजले. आणि वरचा मजला ज्यांना तपासातली लबाडी सिद्ध करता येईल त्यांच्यासाठी, तिथं वाटेल तेवढं भांडावं. या पद्धतीत पेढेवाल्यालाही खालच्या मजल्यावर पैसे मिळतील. मिळू देत. विनादोष भरपाईत दारू पिऊन गाडीखाली आलेल्यालाही मिळतात, म्हणून आपण तक्ता फाडत नाही. इंग्लंडनं उलटं केलं. तिथं २०१४ पासून माणसानं स्वतःचं निर्दोषत्व जवळजवळ सिद्धच करावं लागतं. शिवाय २०२३ पर्यंत तुरुंगात फुकट राहिला-जेवला म्हणून 'वाचलेला खर्च' भरपाईतून कापायची मुभा होती. आम्हीही अपघातात मेलेल्याच्या कमाईतून त्याचा स्वतःचा खर्च कापतो, पण निदान तो मेलेला असतो.

परवडेल का, हेही विचारतात. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि त्यांतली ४,३४,३०२ न्यायाधीन, म्हणजे कच्चे कैदी. बिल मोठं येईल हे खरं. मला त्याचंच आकर्षण आहे. भूसंपादनाचा दर वाढल्यावर सरकारी खाती जमीन मोजून-मापून घ्यायला लागली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. भारतानं १९७९ मध्ये नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारताना लिहून दिलं होतं की आमच्या व्यवस्थेत बेकायदा अटकेबद्दल सरकारकडून भरपाई वसूल करण्याचा हक्क नाही. चार वर्षांनी चंद्रचूडांनी ते वाक्य जुनं केलं. जुलै २०२५ मध्ये फाशीतून सुटलेल्या एका माणसाच्या निकालात सुप्रीम कोर्टानं पुन्हा म्हटलं की यावर कायदा करायचा की नाही ते संसदेनं पाहावं. संसद पाहील तेव्हा पाहील.

त्या माणसाचा हिशोब मी मांडला होता. नुसती बुडालेली मजुरी, काही न वाढवता, ९,८८,०००. तो आकडा त्यानं बराच वेळ पाहिला. मी म्हटलं, दाव्याची मुदत गेली, पण हायकोर्टात रिट करून बघू, विधी सेवेकडून वकील मिळेल, फक्त वर्षं लागतील. "म्हणजे परत तारखा?" त्यानं विचारलं. "नको मॅडम. गाडी तेवढी सोडवून द्या."

गाडीचा अर्ज केला. ठाण्यामागच्या कडुनिंबाखाली ती सापडली. टायर नव्हते, टाकीला भोक, सीटमध्ये मुंग्यांचं वारूळ. मुद्देमाल मिळाल्याची पावती त्यानं सही करून दिली. ढकलत नेता येईना, म्हणून छोटा हत्ती सांगितला, त्याचे ६००. भंगारवाल्यानं काट्यावर घालून २,३०० दिले. दुसऱ्या दिवशी तो येऊन माझ्या टेबलावर २०० रुपये ठेवून गेला. झेरॉक्सचे, म्हणाला.