आमची वाटचाल : तैलरंगाकडून डायकडे

सुरुवातीला आमच्या, लेथवर कातलेल्या लाकडी फुलदाण्यांवर तैलरंग असायचा. सावंतवाडीच्या लाकडी फळांवर असतो तसा, लाकूड पूर्ण झाकणारा. कातकामातली खोट पुट्टीखाली खपून जायची. डायकडे वळलो आणि ती सोय संपली. डाय लाकडात मुरतो, आणि हत्याराने तंतू उचकटलेले असतील तिथे जास्तच मुरतो. पांढऱ्या लाकडावर न दिसलेला ओरखडा रंग चढला की काळा होऊन वर येतो.

लाकूड आंब्याचं. फिकट असल्याने रंग खुलतो. पण ओलं पडून राहिलं तर पावसाळ्यात निळं-काळं होतं, आणि किडा लागला की बारीक भोकांतून पीठ पडू लागतं. म्हणून ओंडका आला की त्याच्या मधोमधचा मऊ गाभा टाळून लगेच ढोबळ कातायचा. भिंत व्यासाच्या दहाव्या भागाइतकी जाड ठेवायची. मग बोरिक-बोरॅक्सच्या पाण्यात बुडवून काढायचं, कापलेल्या तोंडांना मेण लावायचं आणि सावलीत ठेवायचं. दर आठवड्याला वजन करायचं. घटायचं थांबलं की वाळलं समजा. तोवर गोल भांडं लंबगोल झालेलं असतं, ते पुन्हा लेथवर चढतं.

घासणी 120, 180, 240, 320 नंबरच्या पॉलिश पेपरने, अशी क्रमाने. प्रत्येक नंबरला शेवटचे हात लेथ बंद करून, लाकडाच्या रेषेच्या दिशेने मारायचे. नाहीतर पेपरचे गोल चरे रंगात कड्यांसारखे उमटतात. मग ओल्या फडक्याने पुसायचं. तंतू उभे राहतात. रात्रभर वाळू द्यायचं आणि 320 ने हलकेच खुडायचं. हे दोनदा. नाही केलं तर डायचं पाणीच ते काम करतं, आणि मग रंगासकट घासावं लागतं.

स्पिरिटमधला डाय आम्ही सोडून दिला. तो हात फिरायच्या आत सुकतो, त्यामुळे मानेजवळ पट्टे राहतात. वर लाख पॉलिशचं फडकं फिरलं की रंग उठून येतो. आता पाण्यात विरघळणारी ॲनिलिन पावडर. (हे नाव मुळात आपल्या ‘नीळ’वरूनच, पोर्तुगिजांच्या तोंडून तिकडे गेलेलं.) लिटरभर गरम पाण्याला 20 ग्रॅम, गार झाल्यावर मलमलीतून गाळून. आधी याच्या निम्म्या ताकदीचा काळा. सुकल्यावर 320 ने घासला की तो फक्त रेषांत उरतो, आणि वरून दिलेल्या निळ्या-लालला खोली येते. खांद्यावर आणि बुडाशी तंतूंची तोंडं उघडी असतात, तिथे रंग गडद बसतो. तिथे आधी साध्या पाण्याचा हात द्यायचा.

सुकलेला डाय खडूसारखा मरगळलेला दिसतो. नवखा माणूस इथेच घाबरून आणखी पावडर घालतो, आणि मग रंगावर तांब्यासारखी झळाळी येते. ती जादा पावडर. दमट फडक्याने पुसून काढायची. खरा रंग पाहायचा असेल तर टर्पेंटाइनचं बोट फिरवायचं, ते उडून जातं.

पॉलिशचा पहिला हात मेण काढलेल्या चपड्याचा (लाखेच्या पापडीचा), लिटरभर स्पिरिटला 120 ग्रॅम, आणि तो फवाऱ्यानेच. निळ्यावर जवसाचं तेल लावत नाही. ते पिवळं पडतं आणि निळा हिरवट होतो. जुलै-ऑगस्टमध्ये पॉलिश बंद. स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि पांढरी झाक धरते. सुका दिवस पाहून वरून नुसतं स्पिरिट हलकेच फवारलं तर बहुतेक वेळा ती जाते. तीन हात झाले की 600 ने कडा सोडून घासायचं, कारण कडेला रंग पहिल्यांदा फुटतो. शेवटी मॅट लॅकर.

डाय उन्हात उडतो, गुलाबी-लाल सगळ्यांत आधी. लॅकरने ते लांबतं, थांबत नाही. फुलदाणीच्या बुडावर ‘खिडकीत ठेवू नये’ असं आम्हीच लिहितो. ताज्या फुलांसाठी आत काचेची नळी बसवून देतो. पाणी थेट लाकडात ओतलं तर भिंत आतून फुगते आणि बाहेरचं लॅकर तडकतं.