चारचाकी दिसली म्हणून बीपीएल गेलं: माझा अनुभव

राग अजून गेलेला नाही, म्हणूनच लिहितेय. कर्नाटकातल्या आमच्या खानापूर भागात आणखी कुणाचं रेशनकार्ड असं अडकलं असेल तर उपयोगी पडेल.

आईच्या नावचं बीपीएल (दारिद्र्यरेषेखालचं) रेशनकार्ड अचानक एपीएल (दारिद्र्यरेषेवरचं) झालं. कारण काय, तर दादाच्या नावावर चारचाकी. ही चारचाकी म्हणजे छोटा हत्ती, मालवाहू टेम्पो! पहाटे भाजी भरून बेळगावच्या मार्केटला न्यायची, हप्ता भरायचा, उरेल त्यात घर चालवायचं. उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून (इथली महसूल कचेरी) मिळाला, १ लाख २० हजारांच्या आतला. तिथे काही त्रास झाला नाही.

अडलं ते कार्डाच्या कचेरीत. "गाडी हाय न्हवं? मग बीपीएल कसं?" रांगेतल्या सगळ्यांसमोर आईला हे ऐकवलं. मी गाडीची आरसी (नोंदणीचा कागद) पुढे केली, त्यावर मालवाहू लिहिलेलं आहे. साहेबांनी ती हातातसुद्धा घेतली नाही. "आरटीओचं पत्र आणा." आरटीओत गेलो तर ते म्हणाले, आरसी हाच पुरावा, वेगळं पत्र कशाला? परत आलो तर सर्व्हर डाऊन. नंतर आलो तर साहेब रजेवर. आणि बीपीएलच्या नियमात स्पष्ट आहे की पोटासाठी स्वतः चालवत असलेलं एक व्यावसायिक वाहन असलं तर कार्ड जात नाही.

माझं एमए अर्थशास्त्रात झालंय, त्यामुळे जास्तच चीड आली. माणसाचं बरं चाललंय का हे नुसत्या उत्पन्नावरून कळत नाही, म्हणून १९९० पासून संयुक्त राष्ट्रांचा मानव विकास निर्देशांक आयुर्मान आणि शिक्षणही धरतो. आपल्या नीती आयोगाचा बहुआयामी गरिबी निर्देशांक तर पोषण, शाळा, इंधन, शौचालय, घर असे १२ निर्देशक बघतो. गाडी त्यात फक्त मालमत्तेत येते आणि मालमत्तेचं वजन २१ पैकी १. इथे मात्र तेवढ्या एका नोंदीवर अख्खं घर बाद! आईचा दम्याचा खर्च, गाडीचं कर्ज, गळकं छप्पर यांना त्या संगणकात रकानाच नाही.

शेवटी शेजारच्या मुलीकडून कन्नडमध्ये अर्ज लिहून घेतला, त्यात तो नियम जसाच्या तसा घातला आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय हललेच नाही. तोंडी काही बोलू नका, पोच घ्या. मग निरीक्षक घरी आले. गाडीच्या हौद्यात ओली पोती, कोथिंबिरीच्या काड्या, रिकामे क्रेट. पिवळ्या नंबरप्लेटचा फोटो काढून त्यांनी तिथेच "स्वतः चालवतात" असं लिहिलं. इतकं सरळ काम होतं ते!

कार्ड परत बीपीएल झालं. मधल्या महिन्यांचा तांदूळ मात्र बुडाला. आणि हो, गाडीच्या फिटनेस सर्टिफिकेटची झेरॉक्स आधीच जोडा, तीही मागतात. गाडी चालवणाऱ्याचं नाव त्याच कार्डात आहे ना, तेही बघून घ्या.